बालसेविका घडविणाऱ्या दोघी

आपल्या मंडळाने संध्याकाळचा मुलांचा वर्ग सुरू केला, तेव्हापासून सभेत एक प्रश्न पुन्हा पुन्हा निघतो. वर्ग घेणाऱ्या दोघी तायांना शिकावयास पाठवावे की नाही? त्यासाठी मंडळाच्या शिलकीतून पैसे काढावे की नाही? आपल्यातील पुष्कळजणींचे म्हणणे असे की, लेकरे सांभाळायला काय शिकावे लागते? आपण तीन-तीन, चार-चार लेकरे वाढविली, ती काय कुठल्या शाळेत शिकून? हे म्हणणे हसण्यावारी नेण्यासारखे नाही. आपल्या आज्या-पणज्यांनी दहा-दहा बाळंतपणे काढून घरे उभी केली, हे खरेच आहे. परंतु आपले लेकरू आणि दुसऱ्यांची तीस लेकरे यांत फरक आहे. आपले लेकरू रडले तर का रडते हे आईला सांगावे लागत नाही. तिसाव्या घरचे लेकरू कोपऱ्यात गप्प बसले तर ते भुकेले आहे, भ्यालेले आहे, की त्याला कानाने ऐकूच येत नाही, हे ओळखण्यास निराळी नजर लागते. ती नजर शिकविता येते का, आणि आपल्यासारख्या बायकांना येते का, याची एक जुनी हकिकत आपल्या महाराष्ट्रातच घडलेली आहे. स्मरणिकेसाठी काही लिहा असे सांगितले गेले तेव्हा तीच लिहावी असे मनात आले.

तशी सुरुवात फार मागे जाते. सावित्रीबाई फुले यांचे नाव आपण दरवर्षी ३ जानेवारीस घेतो. त्यांनी १८४८ साली पुण्यास मुलींच्या शाळेत शिकविण्यास आरंभ केला, हे सर्वांना ठाऊक आहे. पण त्या शिकविण्याआधी स्वतः शिकल्या, ही गोष्ट सहसा कोणी सांगत नाही. जोतीरावांनी त्यांना घरी अक्षरओळख करून दिली. नंतर नगरच्या फॅरारबाई आणि पुण्याच्या मिचेलबाई यांच्याकडे त्यांनी शिकविण्याचे शिक्षण घेतले. अंगावर शेण झेलण्याचे धैर्य त्यांच्याजवळ उपजतच होते. शिकविण्याची रीत मात्र त्यांनाही कोणाकडून तरी घ्यावी लागली.

आता मुख्य हकिकत. ताराबाई मोडक यांचा जन्म १८९२ साली मुंबईस झाला. वडील सदाशिवराव केळकर हे प्रार्थनासमाजी, सुधारक मताचे. त्या काळात मुली चौथीपलीकडे जात नसत, तेव्हा ताराबाई १९१४ साली बी. ए. झाल्या. लग्न होऊन अमरावतीस मोडकांच्या घरी गेल्या. पण तो संसार टिकला नाही. पदरी एक मुलगी घेऊन त्या राजकोटला गेल्या आणि तेथील बार्टन फीमेल ट्रेनिंग कॉलेजच्या प्रिन्सिपॉल झाल्या. शिक्षिका तयार करणाऱ्या संस्थेची मुख्य! पगार चांगला, मान मोठा. कोणीही म्हणाले असते, बाईचे सोने झाले.

त्याच सुमारास काठेवाडात भावनगरला गिजुभाई बधेका नावाचे गृहस्थ होते. मूळचे वकील. स्वतःच्या मुलाला शाळेत घालायची वेळ आली, तेव्हा त्यांनी छडी आणि पाठांतराच्या शाळा पाहिल्या व त्यांचे मन विटले. वकिली सोडून १९२० साली त्यांनी लहान मुलांसाठी बालमंदिर काढले. इटलीच्या माँटेसोरीबाईंचे ग्रंथ त्यांनी वाचले होते. या बाई डॉक्टर होत्या. त्यांनी १९०७ साली रोम शहरातील गरीब वस्तीत कामकऱ्यांच्या मुलांसाठी एक घर उघडले. आपल्याजोगी गोष्ट म्हणजे, त्या घरात मुलांजवळ राहणारी पहिली बाई कोणी पदवीधर शिक्षिका नव्हती. ती त्या चाळीच्या दरवानाची मुलगी होती. माँटेसोरीबाईंनी तिला काय करावयाचे हे दाखविले, आणि काय करावयाचे नाही हेही सांगितले. मुलाला येत असेल ते मुलाला करू द्यायचे, मध्ये हात घालायचा नाही. मला वाटते शिक्षणातला हा दुसरा भागच आम्हा बायकांना जड जातो. लेकरू सदऱ्याची गुंडी लावू लागले की आपला हात पुढे झालाच!

ताराबाईंनी १९२३ साली राजकोटची नोकरी सोडली व त्या भावनगरला गिजुभाईंच्या हाताखाली गेल्या. इतरांना शिकविणारी प्रिन्सिपॉलबाई तीन वर्षांच्या मुलांत जाऊन बसली आणि पहिल्यापासून शिकू लागली. सगळ्या हकिकतीत मला ही गोष्ट फार मोठी वाटते. दोघांनी मिळून तेथे मुलांची शाळा चालविली, तसेच मुलांना शिकविणाऱ्यांसाठी अध्यापन मंदिरही चालविले. बालमंदिर एक निघाले तर शंभर मुलांचे भले होईल. शिकविणारे तयार झाले तर गावोगाव बालमंदिरे निघतील, असा हिशेब. १९२६ साली नूतन बाल शिक्षण संघ स्थापन झाला. 'शिक्षण पत्रिका' निघू लागली, आधी गुजरातीत, नंतर मराठीतही. गिजुभाई १९३९ साली वारले. ताराबाई त्याआधीच मुंबईस आल्या होत्या व १९३६ साली दादरला शिशुविहार सुरू झाला होता.

पण भावनगर काय, दादर काय, ती शहरे. तेथली मुले न्हाऊन-माखून, वेणीफणी करून येणार. माँटेसोरी पद्धतीची लाकडी साधने महाग, ती शहरातल्या फीमध्ये परवडणार. खेड्यातल्या लेकरांचे काय, हा काटा ताराबाईंच्या मनात सलत होता. म्हणून १९४५ साली, वयाच्या त्रेपन्नाव्या वर्षी, त्या ठाणे जिल्ह्यातील बोर्डी या समुद्रकाठच्या गावी गेल्या. (ते गाव २०१४ पासून पालघर जिल्ह्यात आले.) आचार्य भिसे यांच्यासारखे शिक्षणातले लोक त्या भागात आधीपासून काम करीत होते. तेथे ग्राम बाल शिक्षा केंद्र निघाले.

त्याच वर्षी बोरिवलीस कस्तुरबा ट्रस्टच्या वतीने ग्रामसेविकांचे शिबिर भरले होते. तेथे ताराबाईंना अनुताई वाघ भेटल्या. अनुताईंची कथा आपल्यातील कित्येक घरांत घडलेली आहे, फक्त तिचा शेवट निराळा झाला. जन्म १९१० चा. तेराव्या वर्षी लग्न, आणि सहा महिन्यांत कपाळ पांढरे. घरच्यांनी कोपऱ्यात न बसविता शिकू दिले, हे नशीब. मराठी सातवी, म्हणजे व्हर्नाक्युलर फायनल, झाली. मग पुण्याच्या ट्रेनिंग कॉलेजातून १९२९ साली त्या शिक्षिका होऊन बाहेर पडल्या. चार वर्षे चांदवड तालुक्यात मास्तरीणबाई म्हणून काढली. नंतर पुण्यात हुजूरपागेत नोकरी. दिवसा शिकवायचे, रात्रशाळेत शिकायचे, असे करून १९३७ साली मॅट्रिक झाल्या. पुण्यातली कायम नोकरी सोडून ही पस्तीस वर्षांची बाई ताराबाईंबरोबर बोर्डीस गेली. आणि १९६१ साली, पन्नाशी उलटल्यावर, बी. ए. झाली. मी स्वतः सातवीच्या पुढे गेले नाही, म्हणून हे सन मी मुद्दाम दोनदा वाचून पाठ केले आहेत.

बोर्डीस पहिली अडचण अशी आली की मुले येतच ना. गावातल्या बऱ्या घरची आली, हरिजनवाड्यातली येईनात. आई मजुरीला गेलेली, लेकरू धाकट्या भावंडाला कडेवर घेऊन दारात उभे. अंगाला मळ, नाकाला शेंबूड. शाळेत यायला अंगात सदरा नाही. तेव्हा या दोघींनी ठरविले की मुले शाळेत येत नाहीत तर शाळाच त्यांच्या अंगणात न्यावी. कोणाच्या तरी झोपडीपुढचे अंगण झाडून घ्यायचे आणि तेथेच बसायचे. आधी हात-तोंड धुणे, नखे काढणे, अंघोळी. मग गाणी, गोष्टी, खेळ. त्यालाच अंगणवाडी म्हणू लागले. बालवाडी हा शब्दही ताराबाईंनीच रूढ केला असे सांगतात. आज सरकारी पाटीवर आपण 'अंगणवाडी' वाचतो, तो शब्द झोपडीच्या खऱ्याखुऱ्या अंगणातून आलेला आहे.

महागड्या साधनांचे काय केले? ती आणलीच नाहीत. समुद्रकाठचे शंख-शिंपले, झाडांच्या बिया, काड्या, पाने, फुले, माती, खडे. लहान-मोठे लावायला शिंपले, मोजायला बिया. आपल्याकडे शिंपले नाहीत, पण चिंचोके आहेत, सरकी आहे, सीताफळाच्या बिया आहेत, ज्वारीची धाटे आहेत. धाटांची बैलगाडी आपण सगळ्यांनीच लहानपणी केलेली आहे. ती शिकविण्याचे साधन आहे हे मात्र कोणी आपल्याला सांगितले नव्हते.

सन १९५६-५७ च्या सुमारास काम बोर्डीहून जवळच्या कोसबाडच्या टेकडीवर गेले. तेथे वारली लोकांची वस्ती. मुले जन्मल्यापासून कामाला जुंपलेली. थोरली मुलगी धाकट्याला सांभाळते म्हणून शाळेत येत नाही; मुलगा गुरे राखतो म्हणून येत नाही. यावर ताराबाई-अनुताईंनी जे केले ते मला फार शहाणपणाचे वाटते. एकाच आवारात पाळणाघर, बालवाडी आणि प्राथमिक शाळा अशी सोय केली. तिला विकासवाडी म्हणत. थोरल्या मुलीने येताना कडेवरचे लेकरू घेऊन यावे, ते पाळणाघरात द्यावे, मधल्याला बालवाडीत सोडावे आणि स्वतः पाटीवर बसावे. आणि गुराख्यांसाठी कुरणशाळा! गुरे जेथे चरतात तेथेच शाळा. ज्यांना दिवसा मुळीच सवड नाही त्यांच्यासाठी रात्रीची शाळा. मूल जेव्हा मोकळे असेल ती शाळेची वेळ, आणि मूल जेथे असेल ती शाळेची जागा. आपला संध्याकाळचा वर्ग याच जातीचा आहे. कापूस वेचणीच्या दिवसांत आया दिवे लागल्यावर घरी येतात. शाळा सुटल्यापासून तोवर लेकरे पारावर नाही तर मोबाइलपुढे असतात, म्हणूनच तर आपण तो काढला.

पण कुरणात, झोपडीत, रात्री कंदिलाच्या उजेडात अशा शाळा चालविणार कोण? शहरातली बी. ए., बी. टी. झालेली बाई तेथे राहणार नाही. म्हणून बोर्डी-कोसबाडचे अर्धे काम मुलांना शिकविणे होते, तर अर्धे काम शिकविणारणी तयार करणे होते. ठिकठिकाणच्या बाया तेथे बालसेविकेचे शिक्षण घेण्यास येत. कोणी विधवा, कोणी टाकलेली, कोणी नुसतीच शिकण्याची हौस असलेली. पुस्तकातले शिक्षण असेच, पण खरे शिक्षण बालवाडीतच. समोर मुले आहेत, ती पाहा. कोण कशाने रमते, कोण कशाने बुजते, ते पाहा. माँटेसोरी पद्धतीत शिकविणारीचे पहिले काम निरीक्षण हेच मानतात. मग झाडणे, मुलांना न्हाऊ घालणे, गाणे म्हणणे, गोष्ट सांगणे, मातीचे सामान करणे. गाणे बेसूर झाले तरी चालेल, मारणे चालणार नाही. घरी जाऊन आयांशी कसे बोलावे, हेही त्यात आले. लेकराला रोज धुऊन पाठवा असे सांगताना आईचा अपमान होता कामा नये. तिच्या घरी पाणीच किती लांबून येते, हे आधी विचारावे. हे पुस्तकात मिळत नाही. बरोबरीने राहून, दुसरीचे पाहून येते.

असे प्रयत्न इतरत्रही चालले होते. खुद्द माँटेसोरीबाई १९३९ साली मद्रासजवळ अड्यार येथे आल्या आणि लढाईमुळे येथेच अडकल्या. त्या काळात त्यांच्याकडे सुमारे हजार जणांनी शिक्षण घेतले म्हणतात. मुलग्यांच्या बाजूने पाहिले तर १९४१ पासून राष्ट्र सेवा दलाच्या शाखा संध्याकाळी मैदानावर भरू लागल्या. एस. एम. जोशी त्यांचे दलप्रमुख होते. शाखा घेणारे स्वतः कोवळे पोर असत. पण त्यांची शिबिरे होत, आणि शिबिर केल्यावाचून शाखा हाती मिळत नसे. साने गुरुजी तर त्याआधी अमळनेरला शाळा सुटल्यावर छात्रालयातल्या मुलांचे आई-बाप होऊन राहिले होते. त्यांची 'श्यामची आई' आपल्या सर्वांच्या घरी आहे.

आणि आपला मराठवाडा? आपण तेव्हा निजामाच्या राज्यात होतो. मराठी शाळा थोड्या, मुलींच्या त्याहून थोड्या. तरीही हिप्परग्यास आणि अंबाजोगाईस शिक्षक असलेल्या स्वामी रामानंद तीर्थांनी विद्यार्थ्यांमधूनच कार्यकर्ते तयार केले, आणि तेच पुढे १९४८ पर्यंतच्या लढ्यात उतरले. पोरांपुढे उभे राहणारा माणूस तयार असला की काय होते, हे मराठवाड्याला निराळे सांगायला नको. मात्र हे सारे मुलग्यांचे झाले. बालवाडी, बालसेविका हे शब्द आपल्या खेड्यांत स्वातंत्र्यानंतरच आले. १९५३ साली दुर्गाबाई देशमुखांच्या नेतृत्वाखाली केंद्रीय समाजकल्याण मंडळ निघाले आणि देशात गावोगाव बालवाड्यांना मदत मिळू लागली. १९६१ च्या सुमारास भारतीय बालकल्याण परिषदेने बालसेविकांचा अकरा महिन्यांचा अभ्यासक्रम सुरू केला. अकरा महिने! हा आकडा ध्यानात ठेवावा.

ताराबाईंना १९६२ साली पद्मभूषण मिळाले. त्या १९७३ च्या ३१ ऑगस्टला गेल्या. त्यानंतर दोनच वर्षांनी, २ ऑक्टोबर १९७५ रोजी, भारत सरकारने एकात्मिक बालविकास योजना देशात तेहतीस ठिकाणी सुरू केली. आपल्या राज्यातले एक ठिकाण मेळघाटातले धारणी. शाळेत न येणाऱ्या लेकरांसाठी बोर्डीच्या अंगणात जे सुरू झाले, त्याचेच नाव सगळ्या देशाने घेतले. आज आपल्या परभणी जिल्ह्यात, गंगाखेड असो, जिंतूर असो, पाथरी असो, अंगणवाडी नाही असे मोठे गाव सापडायचे नाही.

पण नाव घेतले तेवढे शिक्षण घेतले का? अंगणवाडीताईंचे सुरुवातीचे शिक्षण काही महिन्यांचे असे. पुढे ते घटत घटत सव्वीस दिवसांवर आले. २०२३ साली सरकारने 'पोषण भी, पढाई भी' म्हणून नवे शिक्षण काढले, हेतू चांगला, मुलांना खेळातून शिकवावे असाच. ते तीन दिवसांचे. मदतनीस बाईंना तर पूर्वीपासून आठवडाभराच्या शिक्षणावर भागवावे लागत आले. दरम्यान ताईंच्या डोक्यावर कामे किती आली! वजन घेणे, उंची मोजणे, आहार वाटणे, गरोदर बायांची नोंद, किशोरी मुलींच्या बैठका, आणि आता सर्व माहिती मोबाइलमध्ये भरणे. एवढे करून त्या सरकारदरबारी 'मानसेवी', म्हणजे पगार नाही, मानधन. मी कोणा ताईला दोष देत नाही. आमच्या गल्लीतील ताई दुपारी दोनपर्यंत मान वर करीत नाहीत, हे मी रोज पाहते. पण अकरा महिन्यांत जे डोळे तयार होत ते तीन दिवसांत व्हावेत, ही अपेक्षा करणाऱ्यांनी एकदा तीस लेकरांत तीन तास बसून पाहावे.

अनुताई शेवटपर्यंत कोसबाडच्या टेकडीशी बांधलेल्या राहिल्या. त्यांना पद्मश्री मिळाली आणि १९८५ साली जमनालाल बजाज पारितोषिक मिळाले. त्याआधी १९८२ साली, सत्तरी ओलांडल्यावर, रमेश पानसे यांच्याबरोबर त्यांनी ग्राममंगल ही संस्था काढली, ती आदिवासी भागात मुलांच्या आणि शिक्षकांच्या शिक्षणाचे काम करीत आली आहे. २७ सप्टेंबर १९९२ रोजी अनुताई वारल्या. शाळेनंतरच्या वेळेतल्या मुलांसाठी पुण्यात १९८५ साली गरवारे बालभवन निघाले. शोभाताई भागवतांनी ते वाढविले. तेथे मुले संध्याकाळी येतात, खेळतात, नाटके करतात, माती कालवतात, आणि त्यांच्याबरोबर खेळणाऱ्या ताया असतात. आपल्या वर्गाला आरसा म्हणून पाहायचे तर कोसबाडच्या जोडीने त्याच्याकडेही पाहावे.

आता आपल्या सभेतल्या प्रश्नाबद्दल माझे मत लिहिते, पटले तर घ्यावे. आपल्या दोघी ताया हुशार आहेत, मायाळू आहेत. गेल्या पावसाळ्यात एक सात-आठ वर्षांचा मुलगा वर्गात येई आणि हाक मारली तरी पाहत नसे. हट्टी आहे, मुद्दाम करतो, असे सगळेजण म्हणत. त्याला कानाने कमी ऐकू येते हे चार महिन्यांनी कळले, तेही दवाखान्यात दुसऱ्या कारणाने नेल्यावर. शिकलेल्या डोळ्यांना ते पहिल्या पंधरवड्यात दिसले असते. चार महिने त्या लेकराने उगाच बोलणी खाल्ली.

तायांना पुण्या-मुंबईस पाठविण्याइतकी आपली ऐपत नाही, आणि त्यांच्या घरचेही सोडणार नाहीत. पण आपल्या परभणीतच कृषी विद्यापीठात गृहविज्ञानाचे महाविद्यालय आहे. आता त्याला सामुदायिक विज्ञान महाविद्यालय म्हणतात. तेथे मुलांच्या वाढीचा अभ्यास करणारा विभाग आहे व त्याला जोडून लहान मुलांची शाळाही आहे. तेथे भेटून विचारावे की, आठवड्यातून एक दिवस आमच्या दोघींना मुलांत बसून पाहू द्याल का? दुसरे, आपल्या भागात निवृत्त झालेल्या बालवाडीच्या बाई आहेत, त्यांना शनिवारी वर्गावर बोलवावे. त्यांनी शिकवू नये, तायांच्या मागे बसून पाहावे आणि नंतर दोन गोष्टी सांगाव्या. तिसरे, दोघींनी एक वही ठेवावी. आज कोणते मूल कशात रमले, कोण आले नाही आणि का, एवढेच दोन-चार ओळी. जाण्यायेण्याचे भाडे आणि बाईंचे मानधन, असा वर्षाचा हिशेब मी खजिनदारबाईंकडे दिला आहे. हळदीकुंकवाच्या वाणावर आपण गेल्या संक्रांतीला जेवढे खर्चिले त्याहून तो कमीच भरतो. येत्या सभेत तो वाचला जाईल, तेव्हा सर्वजणींनी जरूर यावे.